तेवीस गोट्या

सिरा सांबूला खाडीनेच वाढवलं. आई कालवं काढायची, आजीही तेच करायची. सिरा आठ वर्षांची असताना होडीत बसली ती पन्नाशी उलटली तरी उतरली नाही. नवरा मासेमारीला गेला आणि समुद्रानेच ठेवून घेतला. मग खारफुटीच्या मुळांना चिकटलेल्या त्या कालवांवर बाईने तीन पोरी मोठ्या केल्या, उजवल्या. हातभर कोयत्याचे वण, आणि तोंडावर मात्र सदा हसू. खोड म्हणाल तर एकच होती, ती जागेपणी स्वप्नं बघायची. वल्हं मारता मारता कुठेतरी हरवायची. तिची जन्माची मैत्रीण काद्दी म्हणायची, ही बया एक दिवस झोपेत वल्हवत शेजारचा सेनेगल देश गाठणार.

तिची सगळी स्वप्नं खाडीच्या एका वळणाशी येऊन थांबायची. तिथलं कालव तळहाताएवढं. गावातल्या तेवीस बायांचं पोट त्या वळणावर, आणि सिरा त्यांची म्होरकी. पण केबा मानेह नावाच्या बड्या माणसाला तिथे भराव घालून बंगले बांधायचे होते. कागदावर ती जागा कोणाचीच नव्हती, त्यामुळे त्याचं फावलं होतं.

अशात डिसेंबरात राष्ट्राध्यक्षाची ती निवडणूक आली. बावीस वर्षं एकच माणूस गादीवर, आणि समोर एक साधासा, हळू बोलणारा उमेदवार. तो सभेत म्हणाला, "खाडी जी सांभाळते, तिचीच राहील. कायदा आणू." सिराच्या अंगावर शहारा आला. तिने पुढचं काही ऐकलंच नाही.

आमच्याकडे मत म्हणजे काचेची गोटी. पडद्याआड उमेदवारांची रंगीत पिंपं, वर नळी. गोटी टाकली की आत घंटी वाजते, टिंग, एकदाच. बाहेरचे कान टवकारून असतात. दोनदा वाजली की पकडलंच. म्हणून त्या दिवशी मतदानाच्या शाळेच्या आसपास सायकलसुद्धा फिरकू देत नाहीत, तिच्या घंटीने घोळ नको. सिराने गोटी टाकली आणि ती घंटी तिच्या कानात जी शिरली ती निघालीच नाही. साधासा माणूस जिंकला. लोक रस्त्यावर नाचले, अनोळखी बाया गळ्यात पडून रडल्या, आणि सिराही पोटभर रडली.

पुढचे महिने कसे धुक्यात गेले. खाडी तेव्हा बंद होती. वर्षातले आठ महिने कालवांना हात लावायचा नाही, हा बायांनी स्वतःच घातलेला नेम. सिरा अंगणात शेंगदाण्याच्या रश्श्यात भात कालवत बसायची आणि तिला दिसायचं, वळणावर पाटी लागली आहे, पोरींच्या पोरी होडीत आहेत, पाणी आरशासारखं आहे. कोंबडीने ताटाला चोच मारली तरी तिला टिंग ऐकू यायचं. बाजारात, मशिदीच्या ओट्यावर, चहाच्या किटलीभोवती, जो तो असाच तरंगत होता. नवा राष्ट्राध्यक्ष आला, आता काय कमी! कोणी पाय जमिनीला लावायला तयार नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मीही नव्हतो.

मार्चात खाडी उघडली. एप्रिलात संसदेचं मतदान आलं, नेमकं मोठ्या ओहोटीच्या दिवशी. अशा ओहोटीला सगळी मुळं उघडी पडतात, पण सकाळी पाण्याबरोबर गेलं की भरतीशिवाय परत येता येत नाही. होड्या ढकलताना काद्दी थबकली. आज गोट्या टाकायच्या आहेत, केबाही उभा आहे, ती म्हणाली.

"अगं, डिसेंबरात वाजवली की घंटी," सिरा म्हणाली. "राष्ट्राध्यक्ष आपला. आता ही खालची माणसं त्याच्या शब्दाबाहेर जातात होय? चल, पाणी थांबत नाही."

म्होरकीच निघाली म्हटल्यावर बाकीच्याही निघाल्या. दिवस सोन्यासारखा गेला, टोपल्या शिगोशीग भरल्या. भरतीबरोबर परतल्या तेव्हा शाळेचं दार बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी रेडिओने सांगितलं, केबा मानेह अवघ्या एकोणीस गोट्यांच्या फरकाने निवडून आला. सिरा कालवं सोलत होती. हातातला कोयता तसाच राहिला. बाकीच्या बावीस जणींपैकी कोणी तिला दोष दिला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

राष्ट्राध्यक्षाने शब्द पाळला हो. वर्षभराने खाडीचा कायदा संसदेत आला. तेवीसही जणी ठेवणीतले कपडे घालून राजधानीला, बांजुलला गेल्या, वरच्या गॅलरीत ओळीने बसल्या. सिराच्या डोळ्यांत पुन्हा ते आरशासारखं पाणी आलं होतं. भिंतीवर राष्ट्राध्यक्षाची तसबीर होती, मंद हसणारी. खाली केबा उठला. आपल्या भागातल्या लोकांना बंगले, रस्ते, नोकऱ्या हव्यात, आपण त्यांच्या वतीने बोलतो आहोत, असं तो शांतपणे म्हणाला. बाकीच्या सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. तिथल्याच माणसाला नको, तर आपण कशाला मध्ये पडा! सभापतींनी विचारलं, तेव्हा "होय" विरळ आलं आणि "नाही" दणदणीत. केबाचा आवाज सगळ्यांत वर होता.

सिरा वाट बघत राहिली, जणू अजून काही वाजायचं बाकी होतं. मग तिने काद्दीचा हात धरला.

"काद्दी, ते 'नाही' आपणच म्हटलं गं."

काद्दीने हात सोडवून घेतला नाही. म्हणाली, "पुढच्या वेळी मी होडीच सोडू देणार नाही तुला."

परतताना बसच्या खिडकीतून वळण दिसलं. भरावाच्या तांबड्या मातीचा पहिला ट्रक काठाशी उभा होता. मोठी ओहोटी लागली होती, त्या मतदानाच्या दिवसासारखीच सगळी मुळं उघडी पडली होती. सिरा घरी गेली आणि त्या दिवशी खाडीत उतरली नाही.