कान्हाला निघालो, मंडल्यात झोपलो

कान्हाला जाणार असाल तर मुक्काम मंडल्यात करा, असं मी आजही सगळ्यांना सांगते. जंगलाच्या दारातली हॉटेलं तुम्हाला लखलाभ. मंडला लहानसं, शांत गाव, नर्मदेच्या कुशीतलं, आणि तिथे झोप छान लागते. झोपेचं कौतुक का करतेय, ते पुढे कळेलच.

एकाहत्तरची लढाई नुकती संपली होती. आम्ही जबलपूरला लष्करी सामानाच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. लढाईभर हे ओव्हरटाइमवर. लढाई थांबली, पण यांची झोप काही परत आली नाही. रात्रभर कूस बदलायचे. "मशीन कानात चालूच आहे," म्हणायचे. तब्येत उतरत चालली होती आणि मला काळजीने काही सुचत नव्हतं. डॉक्टरांनी हवापालट सांगितला. मला लहानपणापासून वाघ बघायचा होताच. मी लगेच सामान बांधलं.

बरेलापर्यंत रस्ता बरा होता, पुढे बसने हाडं खिळखिळी केली. वाटेत टपरीवर गरमागरम मुगाचे मंगोडे खाल्ले. ते चुकवू नका. शेजारच्या प्रवाशाने यांना विचारलं, "फैक्टरी में क्या बनता है, भाईसाब?"

"नट-बोल्ट," हे म्हणाले. फॅक्टरीतली सगळी माणसं असंच काहीतरी सांगायची. मलासुद्धा याहून जास्त माहीत नव्हतं.

मंडल्यात यांच्या मावशी शाळेत शिकवायच्या. त्यांच्याकडे उतरलो, पिठलं-भात जेवलो. किसलीला, म्हणजे कान्हाच्या दाराशी, जाणारी जीप एका कुटुंबाबरोबर वाटून ठरवली. भाडं जरा जास्तच होतं, पण वाघ काय रोज बघायचा असतो! रजा तुटपुंजी, त्यामुळे जंगलाची फेरी एकच होणार होती.

निजताना मावशींनी विचारलं, "गजर लावून देऊ का?"

"काहून?" हे हसले. "फॅक्टरीवाल्याला आपोआप जाग येते, मावशी. तसाही मी जागाच असतो."

सकाळी मला जाग आली ती जीपच्या हॉर्नने. तेव्हा कळलं, आपोआप वगैरे काही नव्हतं. आम्हाला इतकी वर्षं फॅक्टरीचा भोंगा उठवत होता, आणि मंडल्यात भोंगा कुठला! शेजारी बघते तर हे गाढ झोपलेले, चक्क घोरत होते.

मी हात त्यांच्या खांद्याजवळ नेला आणि मागे घेतला. बाहेर ड्रायव्हर घाई करत होता. "भाभीजी, देर हो रही है. साहब नहीं आ रहे, तो आप ही चलिए."

मन जीपमध्ये जाऊन बसलंसुद्धा होतं. पण मावशी शाळेत जाणार होत्या. कुणी कडी वाजवली, हाक मारली, तर? ही झोप मोडली तर पुन्हा कधी लागेल, याची मला धास्ती वाटली. "आप लोग जाइए," म्हटलं. जीप वळली तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मग दाराशी बसून राहिले. दूधवाल्यालाही खुणेनेच गप्प केलं.

हे उठले तेव्हा ऊन अंगणभर पसरलं होतं.

"जीप गेली? काहून उठवलं नाही मला?"

"तुम्ही घोरून राहिले होते."

"अन् तू? तू तरी जायचं ना!"

मी म्हटलं, "चलो, आधी जेवून घ्या."

दोनदा भात मागून घेतला त्यांनी. संध्याकाळी घाटावर बसलो. कित्येक महिन्यांनी ते भरभरून बोलले, आणि रात्री पुन्हा झोपले. मी मनापासून सुखावले.

दुसऱ्या दिवशी घरी पोचतोय तोच शेजारच्या वहिनी फाटकाशी आल्या. "दिसला का हो वाघ?"

मी एक झकास थाप मनात जुळवून ठेवली होती. पण माझ्याआधी हेच पुढे सरसावले. चारचौघांत माझं नावही न घेणारा हा माणूस म्हणाला, "हिला दिसला असता, वहिनी. माझी झोप राखत बसली."

वाघ मी अजून पाहिलेला नाही.