अळिवाचे लाडू

आईने पाठवलेले अळिवाचे लाडू आखातातल्या हवल्लीच्या आमच्या घरी पोचले, तेव्हा बाळ जाऊन आठवडा झाला होता. गावी अजून कळलं नव्हतं. मुलगी एक दिवस जगली.

ह्यांनी डबा कपाटावर ठेवला. झबली, दुपटी आधीच तिथे गेली होती. तिच्याबद्दल घरात बोलायचं नाही, असं न बोलताच ठरलं होतं. मी मुळात अबोल. पण तिचं कुणीतरी विचारावं, असं सारखं वाटायचं.

वरच्या मजल्यावर लातूरकडच्या एक नर्स राहत. पहिल्यांदा तेलाची वाटी घेऊन आल्या, तेव्हा हे दारातच म्हणाले, "ताई, आता मालिश कशाला? बाळ तर..."

"बाळंतपण झालं ना भाऊ? मग बाळंतीणच आहे ती. सरका."

मग त्या रोज दुपारी ड्युटीवरून येऊ लागल्या. दूध आटावं म्हणून माझी छातीही त्यांनीच बांधली. एकदा त्यांना डबा दिसला. "हे खाऊ नको गं, दूध वाढतं यानं," म्हणाल्या आणि तळमजल्यावर बायकामुलांशिवाय एकत्र राहणाऱ्या कोकणातल्या सुतारांना देऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातले एक जण डबा घासून घेऊन आले. दाराबाहेरूनच म्हणाले, "सिस्टर, लाडू बरे होते. पण ह्या लाडवांनी दूध येता म्हणतत. आमचा काय होतला?"

"आलं तर चहाला होईल!"

मला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, ते थांबेना. ताईंनी गप्प हो म्हटलं नाही. पाठीवर तेल चोळत विचारलं, "कुणासारखी होती गं?"

"नाक ह्यांचं," मी म्हणाले. "केस खूप होते."

"रंग?"

मला सांगता येईना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ह्यांचा आवाज आला, "गोरी होती. आणि कान हिच्यासारखे. बाहेर आलेले."

ह्यांनी तिला इतकं नीट पाहिलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी ह्यांनीच झबली खाली काढली. आम्ही दोघांनी घड्या घातल्या. पुढे झालेल्या दोन्ही मुलग्यांना ती घातली. एक मात्र मी कुणाला घातलं नाही, ते माझ्या पेटीत आहे. मुलं विचारतात तेव्हा हे सांगतात, "तुमच्या ताईचं."