हात लावून आणलेली खबर

रिठदपासून दहा किलोमीटरवर आमचं गाव. तिथल्या समाजमंदिरामागच्या खोलीत छोटं रेडिओ केंद्र आहे, आसपासच्या पंचवीसेक गावांत ऐकू जातं. उज्ज्वलाताई तिथे सतरा वर्षं बोलतायत. त्याआधी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पोलिओ डोसच्या तारखा सांगायच्या त्याही त्याच. मी यंत्रं सांभाळतो, म्हणजे मुख्यतः त्यांच्या शिव्या खातो. त्या शिव्या बाहेर ऐकू जाऊ नयेत, एवढी काळजी मात्र घेतो.

सकाळी सात वाजता त्या गावखबर सांगतात. सोयाबीनवर कोणती अळी पडली, कुणाची म्हैस हरवली, कोणती एसटी बंद झाली. पण लोक कान देऊन ऐकतात त्या मौतीच्या खबरा. कोण गेलं आणि माती किती वाजता, हे कळल्याशिवाय आमच्याकडे कुणी शेताकडे वळत नाही.

अकरा वर्षांपूर्वी एक खबर चुकली. गावातला मुन्ना सकाळी केंद्रात आला, खांद्यावर उपरणं, चेहरा पडलेला. म्हणाला, "ताई, माय गेली. रिठदच्या मामाले समजलं पाह्यजे." पोटचा मुलगाच सांगतोय म्हटल्यावर खात्री करायला कोण जाणार? ताईंनी धुरपताबाईंची खबर सांगून टाकली.

धुरपताबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आदल्या दिवशी त्यांच्या डोक्यावर कावळा बसला होता. असं झालं की माणसाचं आयुष्य सरलं असं आमच्याकडे धरतात, आणि त्यावर उतारा एकच: मरणाचा खोटा निरोप जवळच्या माणसाला धाडायचा. तो रडला की संकट टळतं. मुन्नाने निरोप धाडला, फक्त पंचवीस गावांना.

रिठदहून धुरपताबाईंचा भाऊ रामराव जीपभर माणसं घेऊन आला. हातात लुगडं होतं, कारण बाईच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचंच लागतं. बहीण शेंगा सोलताना दिसली तेव्हा तो आधी रडला, मग भाच्यावर धावून गेला. "आता खरंच मेली तरी मले बलावू नोको," म्हणाला आणि लुगडं घेऊन परत गेला. त्यानंतर त्याने ह्या घराशी बोलणं टाकलं.

ताईंनी तीन दिवस रेडिओवरून माफी मागितली. मौतीच्या खबरा बंद करा, असं केंद्राच्या समितीचं म्हणणं पडलं. ताई म्हणाल्या, "बंद कायले? मी जाऊन पाह्यन, मंग सांगन." तेव्हापासून खबर आली की त्या स्वतः जातात, मयताच्या पायाला हात लावतात, मगच बोलतात. आठ किलोमीटरवरच्या गावाची खबर असली तरी. आणि गेल्यावर नुसता हात लावून परत येणं काही त्यांना जमत नाही. चूल पेटली का बघतात, मृत्यूचा दाखला काढून देतात, विधवेच्या पेन्शनचा फॉर्म भरतात. मला ह्याचा राग यायचा, कारण तोवर सात वाजून जायचे आणि मी गाणी लावत बसायचो.

गेल्या डिसेंबरात धुरपताबाई खरोखर गेल्या. ताई गेल्या, पायाला हात लावला, खबर सांगितली. मुन्नाने मामाला फोन केला. मामाने "मले माईत आहे तुह्यं" म्हणून फोन ठेवला, पुन्हा उचलला नाही. दुपारचे तीन झाले. माहेरचं लुगडं आल्याशिवाय उचलू देणार नाही, असं म्हणून बाया अडून बसल्या. मुन्ना कोपऱ्यात मान घालून बसला होता. त्याची कीव आली, पण फार नाही.

"संघपाल, गाडी काढ," ताई मला म्हणाल्या.

आम्ही रिठद गाठलं. रामराव ओसरीवर बसला होता. उशाशी रेडिओ, आमचंच केंद्र लावलेलं.

"आता कोणता कावळा बसला?" त्याने विचारलं.

"मामा, मी पायाले हात लावून आली," ताई म्हणाल्या. "थंडे होते. त्या वक्ती मी चुकली. आज नाई चुकली."

त्याने रेडिओ बंद केला. मग उठून आत गेला आणि पेटीतून लुगडं घेऊन आला. तेच, अकरा वर्षांपूर्वीचं, घडीही न मोडलेलं.

"सकाळीच आइकलं मी," तो पायात चप्पल सरकवत म्हणाला. "अकरा वर्सं रोज आइकतो. तुनं सांगतलेली एकबी मौत खोटी निघाली नाई, बाई. आज एक तरी निघन, म्हणून बसून राह्यलो होतो."