आठ ते नऊ, रेकॉर्डिंग चालू आहे

आमच्या समोरच्या घरातले चष्मेवाले दिवसातून दोनशे वेळा एकच प्रश्न विचारतात. "आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?" गिऱ्हाईक म्हणतं, परत दाखवा. ते भिंग काढतात, परत घालतात, परत विचारतात. सव्वीस वर्षं त्यांचं हेच चाललं आहे. शिवाय डोळे तपासायला येणारा माणूस नुसते डोळे घेऊन येत नाही. गुडघे, सून आणि शेजारी यांनाही तो बरोबर घेऊन येतो आणि भिंग डोळ्यावर असेपर्यंत त्यांच्याबद्दल बोलत राहतो. चष्मेवाले सगळं ऐकून घेतात. माणूस स्वभावाने गरीब. कुणाला "पुरे" म्हणणं त्यांना जमत नाही, आणि त्यांच्या हातून जे घडलं ते त्यामुळेच घडलं असं माझं मत आहे.

लग्नाआधी त्यांनी एक लाल इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. चारपाच कार्यक्रमांत वाजवली, मग लग्न झालं, दुकान झालं, मुलगी झाली आणि गिटार कपाटावर गेली. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यावर घर जरा रिकामं वाटायला लागलं, तेव्हा एका रविवारी सकाळी त्यांनी गिटार खाली काढली आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. लहान कपाटाएवढा तो अ‍ॅम्प्लिफायर. त्यांनी एक तार छेडली, दुसरी छेडली, आणि पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर दारात उभे राहिले. रागावलेले अजिबात नव्हते. त्यांच्या हातात कपाचा नुसता कान होता.

"बाकीचा कप खाली आहे," ते म्हणाले आणि कान चष्मेवाल्यांच्या हातात देऊन निघून गेले.

त्या दिवशी अ‍ॅम्प्लिफायर गॅलरीत गेला आणि त्याच्यावर कुंड्या आल्या. अ‍ॅम्प्लिफायर नसलेली इलेक्ट्रिक गिटार म्हणजे कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा आवाज. चष्मेवाल्यांनी दोन दिवस तसं वाजवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने विचारलं की घरात उंदीर झालेत का.

मग मुलीने डबी पाठवली. जेवणाच्या डब्याएवढी, पुढे दोन बटणं. गिटारची वायर डबीत, डबीची वायर कॉम्प्युटरमध्ये, आणि आपल्या कानांवर हेडफोन. कॉम्प्युटरच्या पडद्यावर निरनिराळ्या अ‍ॅम्प्लिफायरची चित्रं येतात, माउसने त्यांची बटणं फिरवायची, की कानात हजार माणसांच्या सभागृहातला आवाज घुमतो. बाहेर मात्र तोच कंगवा. वाजवलेलं रेकॉर्डही होतं. यातली खुबी चष्मेवाल्यांनी मला पुढे समजावून सांगितली. तारांच्या खाली लोहचुंबक असतो, तार हलली की तेवढंच त्याला कळतं, आणि ते वायरमधून कॉम्प्युटरमध्ये जातं. मायक्रोफोन कुठेच नसतो. म्हणजे शेजारी कुणी ढोल बडवला तरी रेकॉर्डिंगमध्ये त्याचा मागमूस येत नाही. हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर आठ महिने आम्ही सुखात राहिलो असतो.

त्यांचं घर तीन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बायकोचं शिवणयंत्र; त्या ऑर्डरप्रमाणे पडदे शिवतात. त्याच खोलीत आईचा टीव्ही. आई ऐंशीच्या, कानाने कमी, त्यामुळे टीव्ही पूर्ण आवाजात. गॅलरीत बायकोचा धाकटा भाऊ, जो महिनाभरासाठी म्हणून आला होता आणि त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. तो फोनवरून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतो. आपला आवाज गिऱ्हाइकापर्यंत स्वतःच पोचला पाहिजे, फोन नुसता सोबतीला, अशी त्याची समजूत आहे. या सगळ्यांच्या आतल्या खोलीत चष्मेवाले आणि कॉम्प्युटर. दुकान अकराला उघडायचं, म्हणून त्यांनी वेळ ठरवली सकाळी आठ ते नऊ.

पहिल्या दिवशी ते म्हणाले, "मी जरा रेकॉर्डिंग करतोय." त्यांना एवढंच सुचवायचं होतं की हेडफोन असतील, हाक मारली तर नीट कळणार नाही. पण रेकॉर्डिंग हा शब्द ऐकल्याबरोबर बायकोचा पाय यंत्रावरून उचलला गेला. त्यांनी खूण केली, आईंनी टीव्ही बंद केला. मेहुण्याने गिऱ्हाइकाला अर्ध्या वाक्यात तोडलं. चष्मेवाले हे बघून दारात आले. अरे, तुमचं चालू द्या, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. आपलं घड्याळ टिकटिक करतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

बायकोने दबक्या आवाजात विचारलं, "काही हवंय का?"

"नाही," ते म्हणाले. "चालू दे." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"चालू दे" याचा अर्थ त्यांनी एक घेतला, घरच्यांनी दुसरा. चूक म्हणाल तर एवढीच. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ती सुधारली नाही, आणि तिसऱ्या दिवशी मेहुण्याने हौसेने एका पुठ्ठ्यावर "आठ ते नऊ, रेकॉर्डिंग चालू आहे" असं लिहून तो बाहेरच्या दाराला अडकवला. तिथून प्रकरण इमारतीभर गेलं. वरच्या मजल्यावर नृत्य शिकवणाऱ्या बाई राहतात. त्यांनी सकाळचा वर्ग साडेनऊवर नेला. मी आठ वाजता कामाला निघतो, तो बूट हातात घेऊन मोजे घातलेल्या पायांनी तळमजल्यापर्यंत उतरायला लागलो. आणि कपवाले मास्तर तर स्वतः जिन्यात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून दाखवायचे. ज्या माणसाचा कप फुटला, त्याचं हे मोठं मन बघून आम्ही सगळे भारावलो होतो.

चष्मेवाल्यांना मात्र हे गिळवेना. रोज ठरवायचे, आज सांगून टाकू. रोज आठ वाजायचे, घर शांत व्हायचं आणि ते मूग गिळून आत जायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. कुणी जिन्यात भेटलं की ते उगाचच आभार मानायचे, आणि लगेच खिशातून बारीक पेचकस काढून समोरच्याच्या चष्म्याचे स्क्रू घट्ट करून द्यायचे. माझ्या चष्म्याचे स्क्रू त्या आठ महिन्यांत एवढे आवळले गेले की काड्या मिटेनात.

गिटार ते वाजवत होते, हे मान्य केलं पाहिजे. अडीच मिनिटांची एक धून, स्वतः बसवलेली. रविवारी ते आम्हाला बोलावून ती ऐकवायचे, मग पडद्यावर दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचं चित्र लावून परत तीच ऐकवायचे आणि विचारायचे, "आता बरी वाटते, की आधीची बरी होती?" आम्हाला काडीचा फरक कळत नसे. आम्ही आळीपाळीने आता आणि आधी म्हणायचो.

मग एका गुरुवारी आईंना शिंक आली.

आईंची शिंक साधी नव्हे. एकदा त्या शिंकल्या तेव्हा आमच्याकडचं तान्हं बाळ उठलं होतं, आणि मधे दोन भिंती होत्या. त्या दिवशी त्यांनी नाक दाबलं, तोंडावर रुमाल धरला, पण ती काही थांबायची नव्हती. शिंकेसरशी स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण पडलं. आतल्या खोलीत चष्मेवाले हेडफोनमधूनही दचकले आणि त्यांचं बोट भलत्याच तारेवर गेलं. ते बाहेर आले तर आईंच्या डोळ्यांत पाणी.

"माझ्यामुळे सगळं वाया गेलं रे तुझं."

चष्मेवाल्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. असू दे, परत वाजवीन, म्हणाले. बायको सांगत होत्या की त्या वेळी त्यांचा चेहरा अगदी क्षमाशील संतासारखा झाला होता. गोष्ट तिथेच मिटायची. पण आई म्हणाल्या, "मला ऐकायची आहे."

"काय?"

"माझी शिंक. जन्मभर सगळे म्हणतात, तुझी शिंक फार मोठी. मला कधी ती धड ऐकू आली नाही. आता मशीनमध्ये आलीच आहे तर ऐकव."

चष्मेवाल्यांची पाचावर धारण बसली. ते पुसून टाकलं, असं म्हणाले. मग कॉम्प्युटर तापलाय, असं म्हणाले. एवढ्यात मेहुण्याने आत जाऊन बटण दाबलंसुद्धा. स्पीकरमधून धून सुरू झाली. सगळे कान देऊन उभे. एक मिनिट झालं आणि खड्ड्यात पाय जावा तसा एक चुकीचा सूर वाजला. मग धून पुढे गेली, आणि संपली.

"आली का?" आईंनी विचारलं.

मेहुण्याने आवाज वाढवून परत लावलं. परत तो खड्डा, शिंक नाही. तिसऱ्यांदा लावलं. मग तो म्हणाला की शिंकेत आणि गिटारमध्ये गिटार जिंकली असावी.

बायको म्हणजे पडदा कुठल्या बाजूला बोटभर कमी भरलाय ते लांबून ओळखणारी बाई. त्यांनी शिवणयंत्र ओढत ओढत आतल्या खोलीच्या दारात आणलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बसा. वाजवा. रेकॉर्ड करा."

मोटर जवळ आली की गिटारमध्ये घरघर येते, असं चष्मेवाल्यांनी सांगून पाहिलं.

"माझं यंत्र पायाचं आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी यंत्र चालवलं. मेहुण्याला फोन करायला लावला, तर त्याने हर्षाने दोन गिऱ्हाइकांना फोन केले. आईंना टीव्ही लावायला सांगितला. त्या सगळ्या गदारोळात चष्मेवाले खाली मान घालून अडीच मिनिटं वाजवत राहिले. मग रेकॉर्डिंग लावलं. नुसती स्वच्छ गिटार. एक टाकासुद्धा ऐकू आला नाही.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्या म्हणाल्या, "रोज तो एक तास मी पडद्यांच्या कडा हाताने शिवत होते. आठ महिने."

हे चष्मेवाल्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, ती त्या वेळी जरा बसत असेल. मला ही हकीकत सांगताना ते इथे थांबले आणि बराच वेळ आपलाच चष्मा पुसत बसले. बायकोला त्यांनी तेव्हा एवढंच सांगितलं की मला थोडी शांतता हवी होती, पण मागायची कशी ते कळेना. घरच्या माणसांना गप्प बसा म्हटलं की ती नकोशी झाली असा अर्थ होतो.

"आणि फसवलं की काय अर्थ होतो?" त्यांनी विचारलं. मग निकाल दिला. इमारतीत ज्यांनी ज्यांनी आवाज बंद केला, त्या प्रत्येकाच्या दारात आजच्या आज जायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

त्या दिवशी दुकान एक वाजता उघडलं. नृत्याच्या बाई आधी खूप हसल्या; पण साडेनवाच्या वर्गाला मुली वेळेवर येतात म्हणून तो परत आठला आणायला त्यांनी नकार दिला. मी मात्र हसलो नाही, कबूल करतो. मोजे घालून उतरताना मी दोन महिन्यांपूर्वी जिन्यात घसरलो होतो आणि आठवडाभर कंबर शेकली होती. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते चष्मा मागायला आले, सगळे स्क्रू सैल करून दिले, आणि मी बोलायला लागलो.

सगळ्यात शेवटी ते मास्तरांकडे गेले. मास्तर पेपर वाचत होते. चष्मेवाल्यांनी लोहचुंबकापासून शिंकेपर्यंत सगळं सांगितलं. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी बत्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंय," ते म्हणाले. "तुमची डबी आली त्याच दिवशी मला कळलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून," मास्तर म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

आता आठ वाजता शिवणयंत्र चालतं, फोन चालतो, आणि चष्मेवाले त्या गलक्यात वाजवतात. फक्त टीव्ही बंद असतो. त्याचं झालं असं की शिंक न सापडल्यामुळे आईंचं समाधान झालं नव्हतं. हा पोरगा रोज तासभर त्या मशीनमध्ये काय ऐकतो ते बघू तरी, म्हणून त्यांनी हेडफोन मागितले. चष्मेवाल्यांनी ते आईच्या कानांवर ठेवले, आवाज हळूहळू वाढवत नेला आणि वाजवलं. आई हालल्या नाहीत. धून संपली तशी त्यांनी परत वाजवायला लावली. मग म्हणाल्या, "हे तू वाजवतोस?" कानांवर हेडफोन असल्यामुळे त्यांना आपला आवाज कळत नव्हता. हा प्रश्न आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरात ऐकला.

तीस वर्षांत त्यांना मुलाची गिटार ऐकू आली नव्हती, कारण कान अधू झाल्यापासून घरात सगळंच लांबून यायचं. चष्मेवाल्यांनी मुलीला फोन करून हेडफोनची दुसरी जोडी मागवली. तेव्हापासून रोज सकाळी आई आतल्या खोलीत खुर्चीवर बसतात आणि तारस्वरात सूचना करतात. मधला भाग फार रेंगाळतो, असं त्यांनी गेल्या आठवड्यात सांगितलं, ते सबंध जिन्याने ऐकलं. चष्मेवाल्यांनी तो भाग जरा जलद करून पाहिला. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, आईचं बरोबर होतं.