मिरचीच्या खळ्यावर दोन आकडे

मुलाखतीच्या तयारीसाठी पुण्याहून आठ दिवसांची रजा काढून मी नंदुरबारजवळच्या आमच्या गावी आलो. शेअर बाजारात गणिताच्या जोरावर सौदे करणाऱ्या एका कंपनीत मला घुसायचं होतं. सहा वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका निस्तरून कंटाळलो होतो. आता जरा स्वतःच्या करू म्हटलं.

तिथे एक खेळ खेळवतात. समोरचा कसलीतरी संख्या विचारतो. आपण दोन आकडे सांगायचे: इतक्याला घेतो, इतक्याला देतो. खरी संख्या आपल्या वरच्या आकड्याहून जास्त निघेल असं वाटलं तर तो 'घेतलं' म्हणतो, खालच्याहून कमी वाटली तर 'दिलं'. त्याचं खरं ठरलं की आपण हरलो.

सरावाला काकी सापडली. ती खळ्यावर लाल मिरच्यांचे देठ खुडत होती. हरेल त्याने घमेलंभर मिरच्या खुडायच्या, असं ठरलं.

"या सुपात मिरच्या किती? दोनशेला घेतो, तीनशेला देतो," मी ऐटीत म्हणालो.

"लिधं."

म्हणजे आमच्या अहिराणीत 'घेतलं'. मोजल्या. चारशे बारा.

मग विहिरीपर्यंतची पावलं. मग म्हैस किती बादल्या पाणी पिते ते. प्रश्न मीच निवडत होतो, बरं का! संध्याकाळपर्यंत सात घमेली अंगावर आली.

"तू बी कसा शे रे भाऊ! मन्हं रोजनं काम, आन मन्हासंगेच पैज?"

धडा मिळाला: माहीतगाराशी सौदा नाही. दुसऱ्या दिवशी मुलाखतीला दोन मिनिटं असताना मिरच्या खुडलेल्या त्याच बोटांनी मी डोळा चोळला.

पडद्यावरच्या साहेबांनी विचारलं, "आमच्या इमारतीला पायऱ्या किती?"

"तुम्ही रोज चढता?"

"हो."

"मग एकला घेतो, एक लाखाला देतो."

"जरा जवळ आणा की."

"नाही."

"तुम्ही रडताय का?"

"मिरची, सर."

नकार संध्याकाळीच आला. काकीला सगळं सांगितलं. देठ खुडता खुडताच ती म्हणाली,

"त्याले इचारानं ना, पायऱ्या चढीसन दम लागस का? लागस म्हने तं लई, नई म्हने तं थोड्या."

हे मला सुचलं नव्हतं. इभ्रत वाचवायला म्हणालो, "बरं, त्या पायऱ्या साठला घेतो, ऐंशीला देतो."

"लिधं."

खरा आकडा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हता. तरी घमेलं माझ्याकडेच सरकलं.