आक्काबाईची पाळी

आक्काबाईशी भांडायला आमच्या वस्तीवर कुणी धजत नाही. एक सरपंच आणि एक जावई तिनं नुसत्या तोंडावर पिटाळलेत. जीव मात्र तिचा एकाच ठिकाणी अडकलेला, मैना नावाच्या शेळीत.

उसात बिबट्या दिसला तसा फॉरेस्टनं प्रवरा नदीच्या कडेला पिंजरा लावला. दोन कप्पे, मधी जाळी. पुढं बिबट्यानं अडकायचं, मागं आमिषाला शेळी. शेळी घरटी पाळीनं द्यायची, असं वस्तीनं ठरवलेलं. पाळी आली मैनेची.

"माझं मढं न्या, मैना न्हाई मिळायची!" आक्काबाई गार्ड अझीमवर गरजली.

"मावशी, मधी जाळी हाय की. शेळीला काय हुत न्हाई."

"मग तूच बस!"

तिची नात निकिता नगरला इंजिनिअरिंगला, सुट्टीला घरी आलेली. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिनं लॅपटॉपवर हेच शिवार मांडलेलं. पिवळे ठिपके बिबटे, पांढरे ठिपके शेळ्या, कोपऱ्यात पिंजरा. ज्यानं जीव वाचतो आणि पोट भरतं, ते ठिपक्यांनी आपापलं शिकायचं. पोरीला वाटलं, बिबटे धावतील, शेळ्या पळतील. दिवसभर मशीन चालल्यावर बघते तर शेळ्या पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात एकमेकींच्या अंगावर, आणि बिबटे पुढच्या दाराशी रांगेत उभे.

"ह्ये काय गं?"

"आजे, अख्ख्या रानात बिबट्या पोचत नाही अशी जागा एकच, जाळीमागची. ती त्यांनी हुडकली."

"आन् ह्ये वाघोबा?"

"पकडलेल्याला खाऊ घालून डोंगरात सोडतात, तेबी मी त्यात घातलंय. मग कशाला धावतील?"

आक्काबाईनं आपल्या गोठ्याच्या मोडक्या, काटक्यांच्या कुडाकडं बघितलं. मग मैनेचं दावं सोडलं.

पण निकितानं ती गंमत वस्तीच्या ग्रुपवर टाकलेली. पिंजऱ्यापाशी निम्मी वस्ती शेळ्या घेऊन हजर. सगळ्यात पुढं शेजारचा गोरक्ष.

"व्हा बाजूला! पाळी माझी हाय!" आक्काबाई ओरडली.

"सकाळी तर मढं न्या म्हनत हुतीस, आक्का!"

"सकाळचं सकाळी!"

जागा कुणी बळकावू नये म्हणून मैनेपाठोपाठ तीही आत शिरली आणि घोंगडी अंथरून बसली. अझीमनं हात जोडले, वस्तीनं विनवलं. ती हलली नाही.

उजाडल्यावर अझीम धावत आला. पुढच्या कप्प्यात बिबट्या पाय पसरून पडलेला, मागं मैना निवांत रवंथ करतेय. आक्काबाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू रं. आत्ता कुटं डोळा लागलाय त्याचा."

"बाहेर या आता, मावशी!"

"येते की. पन आदी सांग, पिंजरा परत कदी लावतूस? ती पाळीबी मैनेचीच."