आईच्या वहीतल्या मोकळ्या जागा

फाट्यावर सव्वाआठला येणारी बस त्या दिवशी पावणेनऊला आली. आई केंद्रावरून थेट आली होती. सकाळचं दूध तपासून, नळ्या धुऊन, कॅन व्हॅनमध्ये चढवून मगच ती निघाली होती. तिच्या पदराला बारीक भोकं होती. तिच्या सगळ्याच साड्यांना ती होती. दुधाची फॅट काढताना वापरतात ते आम्ल उडालं की कापडाला भोक पडतं. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली. आईने माझ्या हातात दूध संस्थेच्या जुन्या पावत्यांची पाठकोरी चळत ठेवली.

"पोचलीस की आधी शब्द धाड," ती म्हणाली. "खुशाली मागून कळव."

मी पुण्याला पत्रकारितेच्या वर्गाला निघाले होते. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. नेकनूरपासून आत असलेल्या आमच्या गावातल्या दोन्ही विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि बहुतेक जनावरं चारा छावणीत होती. निरोपाला फाट्यावर आम्ही तिघंच होतो. गावाकडे राहिलेल्यांना यातलं बरंचसं ठाऊक आहे. जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना आपापला फाटा आठवेल. दोघांसाठीही हे नीट क्रमाने नोंदवते आहे.

दूध संकलन केंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल आणि एक लाकडी खुर्ची. खुर्चीत बसणारा माणूस प्रत्येकीच्या दुधाची फॅट, म्हणजे पर्यायाने भाव, ठरवायचा. आईच्या आधी तिथे जो बसायचा तो तोंड बघून फॅट लावायचा, असं बायका म्हणत. बायकांनी दूध घालणंच बंद केलं, तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी आईला बसवलं. ती सातवी पास होती आणि हट्टी म्हणून प्रसिद्ध होती. दूध आणि आम्ल काचेच्या नळीत घालायचं, हातयंत्रात फिरवायचं, आणि नळीच्या मानेवर चढलेली पिवळी रेघ डोळ्यांसमोर धरून वाचायची. धाकटी जाऊ असो की अध्यक्षांची सून, रेघ वाचल्याशिवाय आई आकडा लिहीत नसे. बायका तिला फॅटवाल्या काकू म्हणत. मी निघाले तेव्हा ती खुर्ची सहा वर्षं तिच्याकडे होती.

त्या वर्षी दूध संघाकडून नवे फॉर्म आले. ते इंग्रजीत होते. फॅट तपासणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा होणार होती: सोबत दिलेल्या यादीतले वीस छोटे शब्द वाचायचे आणि मराठीत अर्थ लिहायचा. वीसच्या वीस यायला हवेत. न आल्यास तालुक्याहून शिकलेला माणूस येणार आणि आईने खुर्ची सोडायची. मुदत दोन महिन्यांची होती. आईला इंग्रजी मुळाक्षरं येत होती आणि एकच शब्द येत होता, फॅट. तोही ती वाचत नव्हती, चित्रासारखा ओळखत होती.

मी तिथूनच सुरुवात केली. फॅटमधला ए आणि टी जागेवर ठेवायचा, पुढचं अक्षर तेवढं बदलायचं. एफच्या जागी सी आला की कॅट, आर आला की रॅट, एम आला की मॅट. एक घराणं संपलं की दुसरं घ्यायचं: ए-एनचं, ई-टीचं, यू-एनचं. जाण्याआधी दोनच घराणी शिकवून झाली. त्यांची उजळणी आणि पुढची घराणी पोस्टाने करायची ठरली. मी दर सोमवारी एक कार्ड टाकायचे, त्यावर सात-आठ शब्द आणि शेजारी अर्थ. आई ते शब्द शंभर पानी वहीत उतरवून घ्यायची, मग अर्थ स्वतःचा लिहायची आणि तो मला कार्डावर पाठवायची.

पहिलं उत्तर आलं तेव्हा मी ते दुरुस्त करायला लाल पेन घेऊन बसले होते.

"कॅन: दुधाचा डबा. आपले चार हाईत. तीन पालथे घातलेत.
फॅन: संस्थेत हाय. लाईट न्हाई.
मॅन: तुझे अण्णा. छावणीत हाईत.
रॅन: पळाली. पाटलाची म्हैस टँकर बघून रॅन."

पुढच्या कार्डावर होतं: "रॅट: पेंडीच्या पोत्यात असायचा. पेंड सरली, रॅट गेला." आणि "हॅट: पाहणीला आलेल्या सायबाच्या डोक्यावर." आणि "जेट: आभाळात पांढरी रेघ. आवाज मागून येतो." ई-टीच्या घराण्यात वेट हा शब्द मी ओला असा अर्थ देऊन पाठवला होता. दुष्काळात याला ती काय लिहील याची मला उत्सुकता होती. तिने लिहिलं: "वेट: हंडा आणताना माझा डावा खांदा."

त्याच आठवड्यात आम्हाला वर्गात शिकवलं होतं की बातमीत कोण, काय, कुठे, केव्हा यायला हवं, आणि विशेषणं कमी हवीत. मी लाल पेन ठेवून दिलं.

गावात याची चर्चा झालीच. सकाळच्या रांगेत आई बायकांनाही शब्द विचारू लागली. अर्थ सांगितला की मग दूध नळीत. अण्णांनी छावणीतून निरोप धाडला, "आता म्हशीलाबी इंग्रजी शिकव. मराठीत पाणी मागून मिळंना झालंय." तो निरोप आईने मला जसाच्या तसा कळवला आणि खाली लिहिलं की अण्णा बरे हाईत.

परीक्षा तिसऱ्या महिन्यावर गेली नसती तर अडचण मला दिसलीही नसती. ती पुढे ढकलली गेली आणि आमच्याकडे उजळणीला वेळ उरला. उजळणीसाठी आईने वहीच टपालाने पाठवली, तेव्हा लक्षात आलं की तिच्यात काही शब्दांपुढे जागा मोकळी होती. व्हॅट, म्हणजे दुधाची मोठी टाकी. लॅब, म्हणजे तपासणीची जागा. आणि फ्लॅट. हा शब्द परीक्षेतला नव्हता, एक अक्षरही जास्त होतं, पण शेवटी ए-टी होतं म्हणून मी तो घुसडला होता. मी तेव्हा पाच मुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये कॉटवर राहत होते आणि हे आईला कळावं असं मला वाटत होतं. अर्थ मी तिन्हींचे दिले होते. तिने ते उतरवले नव्हते. समासात तिन्ही ठिकाणी एकच शेरा होता: "पाहिलं न्हाई."

वही परत पाठवताना मी रागावून पत्र लिहिलं. पाठ आहे ते लिहायचं, परीक्षेत जागा मोकळी सोडायची नसते, खुर्ची जाईल, असं त्यात होतं. तिचं उत्तर नेहमीपेक्षा एक दिवस आधी आलं.

"अंदाजानं फॅट लिहिली तर बायका उद्या दूध घालतील का? तू जेवत जा."

परीक्षेच्या दिवशी मी गावी जाणार होते. तसं कबूल केलं होतं. त्याच दिवशी एका दैनिकाने मला प्रशिक्षणार्थी म्हणून चाचणीला बोलावलं. मी अध्यक्षांच्या घरी फोन केला, कुणीतरी आईला बोलावून आणलं. मी येऊ शकत नाही हे सांगायला मला बराच वेळ लागला. तिने मध्येच थांबवलं.

"तुजी बी परीक्षा, माजी बी परीक्षा. मंग येतीस कावून? मला धीर द्यायला? मी काय नापास व्हायला बसले?"

त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं नाही. अध्यक्ष, रांगेतल्या एक मावशी आणि आई अशा तिघांकडून ते ऐकलं, आणि तिघांचं जिथे जुळलं तेवढंच लिहिते आहे.

परीक्षा केंद्रावरच झाली. संघाचे साहेब टेबलाच्या एका बाजूला, आई तिच्या खुर्चीत, बायका दारात. आईने अठरा अर्थ लिहिले. दोन जागा मोकळ्या ठेवल्या. साहेबांनी कागद पाहिला आणि विचारलं, "बाई, हे दोन येत नाहीत?"

"येत्यात. पाठ हाईत."

"मग लिहा."

"पाहिले न्हाईत, सायब. व्हॅट बी तुमच्या प्लँटात आन् लॅब बी. आमचं दूध रोज जातंय तिथं, आमी कदी गेलो न्हाई. नळी बघितल्याबिगर मी कुणाची फॅट लिहीत न्हाई. मंग ह्ये कसं लिहू?"

दारातल्या मावशी म्हणाल्या, "लिही की गं बये. खुर्ची चाललीय तुझी."

आईने पेन खाली ठेवलं. साहेबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि ते निघून गेले.

आठ दिवस निकाल आला नाही. नवव्या दिवशी सकाळी व्हॅनच्या ड्रायव्हरने निरोप आणला की काकूंना साहेबांनी बोलावलंय, आत्ता, याच गाडीतून. आईने नळ्या धुतल्या, फडक्यावर पालथ्या घातल्या, टेबल पुसलं, खुर्ची आत सरकवली. खोलीला कुलूप लावून किल्ली अध्यक्षांकडे दिली. ती किल्ली रोज तिच्या कमरेला असायची. त्या दिवशी ती परत घेण्याच्या हिशेबाने दिलेली नव्हती, असं अध्यक्ष सांगतात. बायका व्हॅनच्या मागे थोडं अंतर चालत गेल्या.

त्या आठवड्यातलं कार्ड माझ्याकडे अजून आहे. मी ते इथे पूर्ण देते.

"व्हॅट: साऱ्या गावांचं दूध एका टाकीत. सायबांनी लोखंडी शिडीवर चढवलं, वाकून पाहिलं. तळाला हाय.
लॅब: दोन पोरी पांढरा कोट घालून आपलंच काम करत्यात. नळ्या आपल्यासारख्याच. कोटाला बी भोकं हाईत.
तिथंच सायबांनी माजा कागद काढला. मी त्यांच्याच पेनानं दोन्ही लिहिलं. खुर्ची राहिली. किल्ली आणली."

महत्त्वाची बातमी तिने अगदी शेवटी घातली होती. ही एकच चूक मी तिला पुढे सांगितली. त्यावर ती म्हणाली की आधी लिहिलं असतं तर तू वरचं वाचलं नसतंस.

दैनिकात मला जागा मिळाली. पहिल्या वर्षी माझ्या हातून चुका झाल्या, पण एक कधी झाली नाही. मृतांचा आकडा, वय, गावाचं नाव खात्रीचं नसेल तर मी जागा मोकळी सोडायचे आणि फोन करायचे. डेडलाइनच्या वेळी याचा त्रास व्हायचा. मुख्य उपसंपादक वैतागून विचारायचे की हे कुठे शिकलात. मी वर्गाचं नाव सांगायचे. खरं उत्तर सांगायला वेळ लागला असता.

पुढे पाऊस झाला, छावण्या उठल्या, पुन्हा दुष्काळ आला, पुन्हा छावण्या लागल्या. दूध कधी वाढलं, कधी आटलं. मी कॉट सोडून रूम घेतली, रूम सोडून भाड्याचं घर, आणि बऱ्याच वर्षांनी कोथरूडला स्वतःचा फ्लॅट. आई एकदाही आली नाही. दूध रोज दोन्ही वेळा येतं आणि म्हैस सुट्टी घेत नाही, हे तिचं कायमचं उत्तर. माझ्या जागेला ती इतकी वर्षं तुझी रूमच म्हणत राहिली. "रूमवर पाणी येतं का? रूमवर कोन येतं-जातं?" फ्लॅटची कागदपत्रं झाली त्या दिवशी मी फोनवर घर हा शब्द तीनदा वापरला. ती म्हणाली, "बरं झालं. रूमला खिडकी हाय का?"

हे मला लागत होतं. गावी गेले की घरी आलीस का असं सगळे विचारायचे, आणि दोन दिवसांत परत कधी जाणार तेही विचारायचे. पुण्यात वीस वर्षं काढूनही मी गावाकडे चाललेय असं म्हणताना घरी चाललेय असंच म्हणायचे. दोन्हीकडे मी जाणारी होते. आपलं घर नेमकं कोणतं, हे दुसऱ्या कुणीतरी बघून सांगावं असं मला वाटायचं, आणि ज्या एका माणसाच्या आकड्यावर माझा भरवसा होता ते माणूस यायला तयार नव्हतं.

डोळ्यांना रेघ नीट दिसेना तेव्हा आईने खुर्ची सोडली. कुणी सांगितलं नव्हतं. धाकट्या काकांच्या सुनेकडून तिने आधी सगळी घराणी पाठ करून घेतली, मग तिला किल्ली दिली. त्यानंतरच्या आठवड्यात अण्णांनी तिला बसमध्ये बसवून दिलं. ते स्वतः आले नाहीत; जनावरांपाशी कोण राहणार. मी तिला स्टँडवर घ्यायला गेले तेव्हा तिच्याजवळ एक पिशवी होती. त्यात दोन साड्या, ज्वारीचं पीठ, आणि ती वही.

पहिल्या दिवशी मी वाट पाहिली. तिने वही काढली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "आत्ताशी आलेय. मापू तर दे."

चार दिवस तिने मापलं. नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ राहतं ते पाहिलं. लिफ्टमधून एकदा गेली आणि नंतर जिन्याने. शेजारच्या आजींकडे जाऊन बसली आणि त्यांचं माहेर गेवराईचं निघालं, हे मला सात वर्षांत कळलं नव्हतं. गॅलरीत उभं राहून खालच्या पार्किंगमधल्या गाड्या पाहिल्या. माझ्या कपाटावरची पत्र्याची पेटी उघडली, तीच जी अण्णांनी टपावर चढवली होती. तिच्यात तिची सगळी कार्डं होती. ती तिने पाहिली आणि पेटी बंद केली. रोज सकाळी दाराला अडकवलेल्या पिशवीतून दुधाची थैली काढून ती कातरायची, थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायची आणि तो घसरताना बघायची. मग दूध तापायला ठेवायची.

पाचव्या दिवशी सकाळची बस होती. चहा झाल्यावर तिने वही मागितली, चष्मा लावला, ए-टीचं पान काढलं. सगळ्या ओळी भरलेल्या होत्या, एक सोडून. ती हळूहळू लिहू लागली. मी ओट्यापाशी उभी होते. वाकून पाहिलं नाही. तिने लिहून झाल्यावर वही माझ्याकडे सरकवली आणि पिशवी भरायला आत गेली.

"फ्लॅट: माज्या लेकीचं घर. तिसरा मजला. खिडक्या चार. पाहिलं. दूध पातळ हाय, बाकी सगळं बरं हाय."